पितळी पुंगळीच्या बुडावर काय लिहिलंय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

जुन्या तोफगोळ्यांच्या पुंगळ्यांविषयी, त्यातही जर्मन पुंगळ्यांविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. पुंगळी म्हणजे ज्यात दारू भरतात ते पितळी किंवा पोलादी नळकांडं. तोफ डागल्यावर ते तोफेपाशीच राहतं आणि पुढे उडतो तो गोळा. गोळ्याबद्दलचा आमचा सल्ला वेगळा आणि कडक आहे. तो हिंगण्याच्या पत्राच्या उत्तरात दिला आहे आणि इतर काही वाचलं नाही तरी तेवढा सगळ्यांनी वाचावा.

प्रश्न : आमच्याकडे एक पितळी फुलदाणी आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते, त्यांनी ती फ्रान्सहून आणली असं घरात सांगतात. उंची साधारण २३ सेंटीमीटर. बुडावर रोमन अक्षरांत ‘पात्रोनेनफाब्रिक कार्ल्सरूहे’ आणि एम-ए-आय १९१६ असं वाचता येतं. ही कोणत्या तोफेची असेल? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : तुमच्या हातातली वस्तू जर्मन ७.७ सेंटीमीटर मैदानी तोफेची पुंगळी असण्याची शक्यता मोठी आहे. पात्रोनेनफाब्रिक म्हणजे काडतुसांचा कारखाना, कार्ल्सरूहे हे नैर्ऋत्य जर्मनीतलं शहर आणि एम-ए-आय म्हणजे जर्मनमधला मे महिना. पण नुसत्या अक्षरांवर निकाल देऊ नका. एकच कारखाना अनेक तोफांसाठी पुंगळ्या बनवत असे. तोफ ठरते ती मापांवरून.

चार मापं घ्या. पहिलं, बुडापासून तोंडापर्यंतची लांबी. बाजारात मिळणारा १५० मिलिमीटरचा वर्निअर इथे पुरत नाही, म्हणून पुंगळी सपाट काचेवर उभी करा, तोंडावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि काच ते पट्टी हे अंतर गुण्या व स्टीलच्या पट्टीने मोजा. दुसरं, तोंडाचा आतला व्यास. तो एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा, कारण शंभर वर्षांत तोंड थोडं अंडाकृती झालेलं असतंच. दोन्हींची सरासरी धरा. तिसरं, बुडाच्या कडेला बाहेर आलेल्या काठाचा व्यास. चौथं, त्या काठाच्या लगेच वर अंगाचा व्यास. शिंप्याचा टेप गुंडाळून परीघ मोजणं आणि त्यावरून व्यास काढणं टाळा. त्यात दोन-तीन मिलिमीटर सहज चुकतात आणि इथे ७५ आणि ७७ यांतल्या फरकाने देश बदलतो.

आता लांबी बघा. १८९६ ची सुधारित तोफ, जिला जर्मन संक्षेपात ‘एफ.के. ९६ एन.ए.’ म्हणतात, तिची पुंगळी सुमारे २२७ मिलिमीटर लांब असते. तिच्यात गोळा पुंगळीच्या तोंडात घट्ट बसवलेला असे, म्हणजे सगळं एकाच नगात. १९१६ मध्ये आलेल्या ‘एफ.के. १६’ या तोफेत गोळा आणि दारू वेगवेगळी भरत. तिची पुंगळी सुमारे २०० मिलिमीटर. दोन्हींचं तोंड ७७ मिलिमीटरच्या आसपासच असतं. तुमची २३ सेंटीमीटर ही लांबी पहिल्या तोफेशी जुळते. मात्र ती फुलदाणी झाली आहे, म्हणजे कुणीतरी तिच्यावर काम केलंय. तोंड छाटलेलं, झालरीसारखं वळवलेलं किंवा कमरेत आवळून पन्हळी पाडलेल्या असतील तर मूळ लांबी आता मिळणार नाही. अशा वेळी काठाचा आणि अंगाचा व्यास हेच खरे साक्षीदार, कारण बूड जाड असल्याने कारागीर त्याला हात लावत नसत.

अक्षरं वाचायची पद्धतही सांगतो. बूड आधी घासू नका. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा, बुडाच्या पातळीला धरा. उथळ ठसे सावलीमुळे उठून दिसतात. टॉर्च गोल फिरवत चार बाजूंनी फोटो काढा. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासली की ठसाही उतरतो. त्या काळच्या जर्मन पुंगळ्यांवर कारखान्याचं नाव, महिना आणि वर्ष बहुधा पूर्ण लिहिलेलं असतं. मागदेबुर्गचा पोल्टे आणि ड्यूसेलडॉर्फचा ‘राइनिश मेटालवारेन’ हे कारखाने, तसंच स्पांडाऊ हे ठिकाण, ही नावं पुन्हापुन्हा भेटतात. नाव झिजलं असेल तर महिना बघा. ऑक्टोबर ओ-के-टी असा आणि डिसेंबर डी-ई-झेड असा लिहिला असेल तर छाप जर्मन आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच पुंगळीवर असं येणार नाही. छोटा मुकुट आणि त्याखाली वळणदार गॉथिक अक्षर असेल तर ती सरकारी तपासनिसाची मोहर.

घरच्या आठवणीबद्दल : भारतीय पायदळाच्या दोन डिव्हिजन १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोहोचल्या आणि १९१५ च्या अखेरीस बहुतेक मेसोपोटेमियाकडे निघाल्या. तुमची पुंगळी मे १९१६ ची आहे. घोडदळ मात्र १९१८ पर्यंत फ्रान्समध्ये होतं आणि १९१७ पासून भारतीय मजूर तुकड्याही तिथे होत्या. तेव्हा पणजोबा कोणत्या पलटणीत होते ते पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेल्या नावावरून शोधा. पायदळात असतील तर ही पुंगळी नंतर दुसऱ्या कुणाकडून आलेली असू शकते. त्यामुळे तिचं मोल कमी होत नाही, पण टिपण लिहिताना ‘फ्रान्सहून आणली’ आणि ‘फ्रान्सहून आणली असं घरात सांगतात’ यांत फरक ठेवा.

प्रश्न : कामठीच्या एका कबाड्याकडे मोठी पितळी पुंगळी दिसली. तो म्हणतो ‘ही जर्मनची एटी-एट’. तोंड मोजलं तर खरंच ८८ मिलिमीटर भरलं. लांबी २९ सेंटीमीटर. बुडावर बाणासारखी खूण आहे. घेऊ का? — एक वाचक, कामठी

उत्तर : जर्मन म्हणून घेऊ नका. ही ब्रिटिश २५ पौंडी तोफेची पुंगळी आहे. त्या तोफेचा व्यास ३.४५ इंच, म्हणजे ८७.६ मिलिमीटर, पुंगळीची लांबी सुमारे २९२ मिलिमीटर. जर्मन ८.८ सेंटीमीटर विमानविरोधी तोफेची पुंगळी सुमारे ५७१ मिलिमीटर असते, जवळजवळ दुप्पट, आणि तिचं अंग वर जाऊन खांद्यापाशी निमुळतं होतं. तुम्ही पाहिलेली सरळ नळकांड्यासारखी असणार. तोंडाचं माप जुळलं म्हणून तोफ जुळत नाही, लांबी सोबत बघावीच लागते.

बाणाची खूण, ज्यात तीन रेषा एका टोकाला मिळतात, ती ब्रिटिश सरकारी मालकीची. भारतीय सैन्यात २५ पौंडी तोफ स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ती वापरात होती. म्हणून आपल्या भागात या पुंगळ्या दिसतात आणि त्यातल्या काही स्वातंत्र्यानंतरच्या आहेत. इथे एक धोका आहे. अलीकडचं वर्ष आणि भारतीय आयुध कारखान्याची खूण असेल तर ती वस्तू रीतसर लिलावातून बाहेर आली की गोळीबाराच्या मैदानातून उचलली, हे कबाड्याला विचारा आणि कागद मागा. कागद नसेल तर सोडून द्या. सैन्याच्या मालकीची वस्तू चोरीची ठरली तर घेणाराही अडकतो.

जर्मन समजून विकल्या जाणाऱ्या आणखी दोन पुंगळ्या लक्षात ठेवा. ब्रिटिश १८ पौंडी : तोंड ८४, लांबी सुमारे २९५ मिलिमीटर, बुडावर ‘१८ पी-आर’ आणि बऱ्याचदा ‘सी.एफ.’, म्हणजे कॉर्डाइट या दारूचा पूर्ण भार. फ्रेंच ७५ : तोंड ७५, लांबी सुमारे ३५० मिलिमीटर, बुडावर ‘७५ डी-ई सी’. पहिल्या महायुद्धातल्या नक्षीदार फुलदाण्यांत फ्रेंच ७५ भरपूर आढळते, आणि घरात कुणी ‘जर्मन तोफेची’ म्हणून सांगितलं की पुढच्या पिढ्या तेच म्हणत राहतात.

प्रश्न : माझ्याकडच्या पुंगळीवर काळपट थर आणि दोन-तीन हिरवे डाग आहेत. आई म्हणते, चिंच लावून घास, आरशासारखी होईल. तोंडाजवळ एक उभी बारीक चीरही दिसते. घासू का? — एक वाचक, महाल

उत्तर : नका. हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि सर्वांत जास्त पुंगळ्या युद्धात नव्हे, स्वयंपाकघराच्या मोरीत खराब होतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी घासायची आंबट पावडर लावली की आम्ल पृष्ठभागावरचं जस्त आधी खातं आणि तांबं मागे राहतं. पुंगळी धुतल्यावर जे गुलाबी ठिपके दिसतात ते घाण नसून जस्त गेलेल्या जागा असतात. त्या पुन्हा पिवळ्या होत नाहीत. देवाच्या समईला हा उपचार चालतो, कारण ती रोज वापरात असते आणि तिच्यावर वाचायचं काही नसतं. इथे बुडावरचे ठसे मिलिमीटरच्या अंशाइतके उथळ आहेत. दरवेळच्या घासण्याने तेच आधी जातात. आणि अक्षरं गेली की उरतं ते मोडीच्या भावाचं पितळ.

तुमच्या चिरेचं कारण वेगळं आणि जास्त महत्त्वाचं. पुंगळी ही पितळाची जाड चकती टप्प्याटप्प्याने ओढून लांबवलेली असते. या ओढण्यामुळे धातूत ताण अडकून राहतो. अमोनियाच्या वाफा आणि दमटपणा मिळाला की ताणलेलं पितळ लांबीच्या दिशेने तडकतं. हे पहिल्यांदा नजरेत भरलं तेच हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत : पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं कोरड्या महिन्यांत न तडकता नेमकी पावसात तडकत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. उपाय निघाला तो म्हणजे ओढकामानंतर पुंगळीला माफक उष्णता देऊन ताण सैल करायचा. पण ज्या पुंगळीत ताण राहून गेला आहे तिला आजही चीर पडू शकते.

यावरून करायचं ते असं. अमोनिया असलेलं धातूचं पॉलिश वापरू नका. उघडल्यावर नाकाला झोंबतं ते तेच. पुंगळी गोठ्याजवळ, संडास-बाथरूमच्या लगतच्या कपाटात किंवा फरशी पुसायच्या अमोनियायुक्त द्रावणांजवळ ठेवू नका. चीर पक्कडीने दाबून मिटवू नका, डाख देऊ नका आणि तोंडाचा पोचा आतून ठोकून काढू नका. थंड पितळ ठोकलं की नवा ताण तयार होतो आणि चीर पुढे सरकते. चिरेचं टोक कुठे आहे त्याचा फोटो पट्टी लावून काढा आणि सहा महिन्यांनी पुन्हा ताडून बघा. तेवढीच असेल तर तिला तशीच राहू द्या.

सफाई करायची तर एवढीच. आधी कोरडा मऊ ब्रश, रंगकामाचा चालतो. मग एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य डिशवॉशचे चार-पाच थेंब टाकून त्यात सुती कापड बुडवा, घट्ट पिळा आणि पुसा. पुंगळी पाण्यात बुडवून ठेवू नका, बुडातला प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा भाग, जागेवर असेल तर मुळीच नाही. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने पुन्हा पुसा, लगेच कोरडी करा आणि सावलीत एक दिवस ठेवा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग ठेवतात. हिरव्या डागावर बांबूची टोकदार काडी हलक्या हाताने चालवा. जेवढं सुटेल तेवढंच. काळपट तपकिरी थर काढायचा नसतो. तो घट्ट बसलेला थर धातूचं रक्षणच करतो आणि जुनेपणाचा पुरावाही तोच. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांनी मऊ कापडाने पुसून. बोटांचे ठसे काही महिन्यांत काळे उमटतात, म्हणून सुती हातमोजे घाला.

नागपुरात आणखी एक काळजी. मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पितळाला काही होत नाही असं वाटतं, पण कूलरच्या झोतासमोर ठेवलेली पुंगळी ओल्या हवेतच असते. कूलरची खोली टाळा. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनच्या आधी त्या वाळवून घ्या. खाली रबर किंवा लोकरी फेल्ट घालू नका, दोन्हींतल्या गंधकाने पितळ काळवंडतं. वर्तमानपत्रात गुंडाळणं तर नकोच.

प्रश्न : पुंगळीच्या बुडात मधोमध पितळी स्क्रूसारखं काहीतरी अजून बसलेलं आहे. शेजारी म्हणतात, ड्रिलने भोक पाडून वायर घातली की टेबललॅम्प होईल. पाडू का? त्यांच्याकडे गोळ्याचं टोकही आहे, पेपरवेट म्हणून वापरतात. — एक वाचक, हिंगणा

उत्तर : ड्रिल लावू नका आणि शेजाऱ्यांनाही ते टोक जिथे आहे तिथेच राहू द्यायला सांगा.

मधोमध बसलेला भाग म्हणजे प्रायमर. जर्मन पुंगळ्यांत तो आट्यांचा असतो आणि त्याच्या तोंडावर चावी बसवायला दोन खाचा किंवा भोकं असतात. त्यात झटका बसताच पेटणारं रसायन असतं. मधोमध खोल खड्डा असेल तर तोफेतल्या ठोकणाऱ्या कळीचा मार बसला एवढंच समजतं. रसायन पेटलंच असं त्यावरून ठरत नाही, कारण कधी मार बसूनही बार होत नाही. खड्डा नसेल तर प्रायमर जिवंतच समजा. शंभर वर्षांनी रसायन मेलं असेल ही समजूत चूक आहे. ड्रिलची उष्णता, हातोडीचा टोला, अडकलेल्या आट्यांवर पाना मारणं, डाख देताना लागलेली आच, यांपैकी काहीही त्याला पुरतं. पूर्ण रिकाम्या पुंगळीतला एकटा प्रायमरसुद्धा हाताची बोटं नेऊ शकतो.

पुंगळी हलवल्यावर आत काही खुळखुळत असेल, तोंड पुठ्ठ्याने किंवा मेणाने बंद असेल, किंवा तोंडात गोळा बसलेला असेल, तर ती पुंगळी रिकामी नाही. खाली ठेवा, खोलीतून माणसं बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. पोलिसांचं बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत ती गाडीत घालून ठाण्यात नेण्याचा उत्साह दाखवू नका.

शेजाऱ्यांचं टोक बहुधा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारा भाग, आहे. त्यावर अंकांच्या कड्या असतील, किंवा ‘डॉप. झेड. ९६’ अशी अक्षरं असतील, तर तो हवेत किंवा आदळल्यावर फुटणाऱ्या गोळ्याचा दुहेरी फ्यूज. दिसायला घड्याळासारखा देखणा, म्हणूनच लोक टेबलावर ठेवतात. आत स्फोटक शिल्लक आहे की नाही हे बाहेरून सांगता येत नाही. गोळ्यांचंही तेच. गोळ्याच्या तांब्याच्या पट्टीवर तिरक्या खाचा असतील तर तो तोफेतून सुटलेला आहे. सुटूनही फुटला नसेल तर तो न सुटलेल्यापेक्षा जास्त धोकादायक. म्हणून आमचा सल्ला सरळ आहे : संग्रह पुंगळ्यांचा करा, गोळे आणि फ्यूज कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना झालेल्या स्फोटात माणसं गेली. ते काम ठरवून, माहीतगारांच्या देखरेखीखाली चाललं होतं. घरातल्या ड्रिलने त्याहून काही बरं होणार नाही.

प्रश्न : आमच्याकडची १०५ मिलिमीटरची पुंगळी ‘एमडन’ने मद्रासवर टाकलेली आहे असं काका सांगत. खरं असेल का? — एक वाचक, खामला

उत्तर : नाही. एमडन या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर मारा केला आणि तिच्या तोफा १०.५ सेंटीमीटरच्याच होत्या, इथपर्यंत गोष्ट जुळते. पण मद्रासमध्ये येऊन पडले ते गोळे. पुंगळ्या जहाजावर, तोफेच्या मागे पडल्या, आणि ते जहाज ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांपाशी ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन नौकेशी झालेल्या लढाईत संपलं. ‘आमच्या गावावर पडलेली पुंगळी’ ही कुठल्याही लढाईची गोष्ट असो, याच कारणाने टिकत नाही. बुडावरची अक्षरं वाचा. भारतीय १०५ मिलिमीटर तोफेची पुंगळी निघण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : पणजोबा मेसोपोटेमियात होते. त्यांच्या पेटीतल्या पुंगळीवर उर्दूसारखी अक्षरं आणि १३३१ हा आकडा आहे. ही जर्मन म्हणायची का? — एक वाचक, जरीपटका

उत्तर : घडवलेली जर्मनीत, मालक तुर्की, असं होऊ शकतं. ऑटोमन म्हणजे तुर्की फौजेकडे क्रुप या जर्मन कारखान्याच्या ७.५ सेंटीमीटर तोफा होत्या आणि भारतीय पलटणी मेसोपोटेमियात याच फौजेशी लढल्या. ऑटोमन तुर्की त्या काळी अरबी लिपीत लिहीत, म्हणून उर्दूसारखी वाटते. तोंड ७५ मिलिमीटर भरतं का ते आधी बघा. आकड्याचं गणित मात्र जपून. हिजरी १३३१ म्हणजे १९१२-१३. पण ऑटोमन सरकारी कामात रूमी नावाची सौर कालगणनाही होती. तिच्यात ५८४ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १३३१ साठी १९१५. महिन्याचं नाव शेजारी असेल तर उर्दू-फारसी वाचणाऱ्याला दाखवा. मार्त, नीसान, मायिस यांसारखा सौर महिना असेल तर रूमी, मुहर्रम-सफर असेल तर हिजरी.

प्रश्न : एका विक्रेत्याकडे ‘८.८ फ्लाक, १९४२’ अशी पुंगळी आहे. पितळी दिसते पण लोहचुंबक चिकटतं. खाली ‘६३४७ एस-टी’ आणि ए-यू-एक्स आहे. नकली का? — एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : चुंबक चिकटतं म्हणून नकली ठरत नाही, उलट १९४२ ला ते शोभतं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा होता म्हणून जर्मनीने पोलादी पुंगळ्या केल्या, आधी पितळाचा मुलामा देऊन आणि नंतर नुसतं लॅकर लावून. एस-टी म्हणजे स्टाल, पोलाद. ६३४७ हा फ्लाक, म्हणजे विमानविरोधी तोफेच्या पुंगळीचा क्रमांक; १०.५ सेंटीमीटर हलक्या हॉवित्झरचा ६३४२, ७.५ सेंटीमीटर रणगाडाविरोधी पाक ४० चा ६३४०. या काळात कारखान्याचं नाव न लिहिता तीन अक्षरी सांकेतिक खूण देत, आणि ए-यू-एक्स म्हणजे मागदेबुर्गचा पोल्टे. पुंगळी ५७१ मिलिमीटरच्या आसपास भरली आणि प्रायमरवर ‘सी/१२’ असेल तर ती आघाताने पेटणारी, विमानविरोधी तोफेची. ‘सी/२२’ हा विजेवर पेटणारा प्रायमर, तो रणगाड्याच्या तोफेत. विक्रेत्याने दुसऱ्या पुंगळीचा प्रायमर बसवला असेल तर इथे पकडला जातो. मुलामा पातळ असतो, तेव्हा पॉलिश केलंत तर खालचं लोखंड उघडं पडून पावसाळ्यात गंजेल.

नकली ओळखायची तर घडण बघा. अस्सल पुंगळीला सांधा नसतो. पत्रा गुंडाळून केलेल्या शोभेच्या वस्तूला आतल्या बाजूने उभी शिवण बोटाला लागते. अस्सल पुंगळीचं बूड जाड आणि भिंत वर जाताना पातळ होत जाते, म्हणून ती हातात खालून जड लागते. ओतीव नकलेत भिंत सगळीकडे सारखी आणि भिंगाखाली बारीक छिद्रं. ठोकलेल्या अक्षराची कड धारदार असते, ओतलेल्याची गोलसर. आणि प्रायमरच्या जागी आटे नसतील, नुसतं भोक किंवा चिकटवलेली चकती असेल, तर बोलणी तिथेच थांबवा.

प्रश्न : हे सगळं घरी ठेवणं कायद्यात बसतं का? परदेशातून मागवता येईल का? — एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, म्हणून ‘रिकामी आहे, कोण विचारतो’ असं समजू नका. त्याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांसोबत वापरण्याचा हेतू नसेल तरच. तुमची पुंगळी त्यात बसते की नाही हे वस्तू बघून ठरतं. नागपूर शहरात परवाना देणारे अधिकारी पोलिस आयुक्त. मोजमापं, चारही बाजूंचे आणि बुडाचे फोटो, प्रायमर आहे की काढलेला, वस्तू कशी मिळाली, हे सगळं एका पानावर लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. स्फोटकांच्या परवान्यांचं काम बघणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय नागपुरातच आहे म्हणून काही जण थेट तिकडे जातात, रिकाम्या पुंगळीसाठी दार आयुक्तालयाचं.

शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. १९१६ ची पुंगळी परदेशी नातेवाइकाला भेट पाठवायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळात विचारा. बाहेरून मागवणं सोपं नाही : दारूगोळा आणि त्याचे भाग यांच्या आयातीवर निर्बंध आहेत, परवानगीशिवाय आलेलं पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि ऑनलाइन विक्रेता तुमच्या वतीने काही करत नाही. विमानाने येताना बॅगेत तर घालूच नका, एक्स-रे मशीनवर पुंगळी आणि गोळा यांत फरक करत बसायला कुणाला वेळ नसतो. त्यापेक्षा जुन्या पलटणी कुटुंबांकडे विचारा, कागदासह घ्या, आणि घेतलेल्या प्रत्येक नगाला एक कार्ड करा : चार मापं, बुडावरचा मजकूर जसाच्या तसा, धातू, प्रायमरची स्थिती, कुणाकडून कधी घेतली. कार्ड पुंगळीत टाकू नका. कागदातल्या आम्लाने पितळ आतून डागाळतं, त्यामुळे फाइल वेगळी ठेवा आणि पुंगळीला सुती दोऱ्याने फक्त क्रमांक बांधा.